आणि तुमचं काय?

आमचे डॉक्टर आम्हाला न विचारता निवृत्त झाले. तीस वर्षं आमच्या घरातल्या प्रत्येकाचा घसा, पोट आणि स्वभाव ज्यांनी पाहिला, त्यांनी एका मंगळवारी दवाखान्याच्या दारावर चार ओळींचा कागद चिकटवला आणि लेकीकडे राहायला निघून गेले. 'आजवर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार,' असं त्यावर लिहिलं होतं. मी तो कागद तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला राग आला. आभार कसले मानता? आधी तोंडाने सांगायला काय झालं होतं? आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं विकतात.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचं काही विशेष वाटलं नाही. "त्यालाही पंचाहत्तर झाली असतील. थकला असेल," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. अप्पा एकोणऐंशीचे. कागदाच्या कारखान्यात सदतीस वर्षं फिटर होते. चालू यंत्राच्या अंगावर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहायचे आणि कुठलं बेअरिंग जाणार आहे ते सांगायचे, असं त्यांचे सोबती अजून सांगतात. आजही आमचा फ्रिज जरा वेगळा घरघरला की ते उठून त्याच्या पाठीवर हात ठेवून येतात.

त्या डॉक्टरांना एक खोड होती. पेशंट तपासून झाला, चिठ्ठी लिहून झाली, आपण उठायला लागलो की ते पेनाला टोपण लावता लावता सोबत आलेल्या माणसाला विचारायचे, "आणि तुमचं काय?" आमची आई त्या प्रश्नाची वाटच बघत असायची. स्वतःसाठी म्हणून ती जन्मात कधी डॉक्टरकडे गेली नाही. मला किंवा दादाला कणकण आली की आमचं बखोट धरून न्यायची, आणि तो प्रश्न आला की "आता आलेच आहे तर" असं म्हणत आपली पाठ, आपले गुडघे, आपली चक्कर सगळं सांगून टाकायची. कधीकधी तर मला धड तापसुद्धा नसायचा. आई गेल्यावर अप्पांना घेऊन मी जायला लागले, तेव्हा मला मात्र त्या प्रश्नाचा वैताग यायचा. माझं उत्तर ठरलेलं होतं. "माझं काही नाही. मला काय धाड भरलीय?"

तर डॉक्टर गेले आणि नेमकं त्याच सुमारास अप्पांचं बिनसलं. रात्री झोप लागत नाही म्हणायला लागले. दिवसभर पेंगायचे. घरात स्वेटर, पायात मोजे, वर शाल, तरी थंडी वाजते म्हणायचे. मला उलट जीव नकोसा होईल इतकं उकडायचं. मी घरभर खिडक्या उघडून पंखा लावायचे आणि अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत शालीत गुरफटून माझ्याकडे बघत बसायचे. म्हातारपणी रक्त थंड होतं, दुसरं काय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दुसऱ्या शहरात असतो, आणि त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर दवाखाना आहे हे त्याने स्वतः बांधून घेतल्यासारखं सांगतो. त्याचा फोन आला.

"छोटी, अप्पांचा आवाज दमलेला वाटतोय. कोणाला दाखवलंस?"

"शोधतेय."

"दोन महिने शोधतेयस. हे बघ, महिनाअखेरीला मी येतोय. तोवर धड डॉक्टर मिळाला तर ठीक. नाहीतर अप्पांना मी इकडे घेऊन येतो. आता लगेच रागावू नकोस."

"मी कुठे रागावतेय!" मी ओरडले, आणि फोन ठेवला.

मी एक्कावन्न वर्षांची आहे आणि घरात अजून छोटी आहे. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर कुलूप न उघडता मला बेल वाजवता येते, आतून चपला फरफटत कोणीतरी येतं, "आलीस?" म्हणून विचारतं. ते गेलं तर मी काय करू, हा विचार आला की माझ्या छातीत अक्षरशः धडधडायला लागायचं. अप्पा मला हवे होते. आणि त्यासाठी तीन आठवड्यांत डॉक्टर हवा होता.

आधीच माझ्यामागे कामाचा रगाडा. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. वीस वर्षं झाली. काच घासून फ्रेममध्ये बसवायची, काडीचा स्क्रू आवळायचा, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट वळवून द्यायची. या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पण हल्ली स्क्रूच इतके वाईट येतात की विचारू नका. चिमट्यातून निसटतात, जमिनीवर पडतात, शोधत बसा. मालकाला दोनदा सांगितलं, पुरवठा करणारा बदला म्हणून. तर तो म्हणाला, "बाई, स्क्रूचं बघू. पण कालच्या गिऱ्हाइकाने तक्रार केली. तुमच्याकडच्या बाई डोळे वटारून बघतात म्हणाला." मी वटारत नव्हते. मी नुसती बघत होते. आता माझे डोळेच तसे असतील तर मी काय करू? एक गोष्ट मात्र बरी चालली होती. मी बारीक झाले होते. दोघांचं जेवण एकटी जेवायचे, तरी सगळे कपडे सैल. खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "काय करतेस ग, आम्हालाही सांग." मी म्हटलं, "धावपळ करते. तुम्हीही करा."

पहिल्या ज्या दवाखान्यात मी अप्पांना घेऊन गेले तो चार मजली होता. खाली टोकनचं यंत्र, समोर भिंतीवर आकडे. एक फॉर्म भरायला दिला. वर पेशंटचं नाव, वय, तक्रार. खाली 'सोबत आलेली व्यक्ती' आणि 'नातं'. पेन इतकं भिकार होतं की माझं अक्षर कोंबडीचे पाय झालं. मग आम्ही बसलो. म्हणजे अप्पा बसले. मी खुर्च्यांच्या रांगेपासून पाण्याच्या कूलरपर्यंत फेऱ्या मारल्या. काउंटरवरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, बसा ना, नंबर आल्यावर कळेल." मी तिला विचारलं, चालायला बंदी आहे का?

आतला डॉक्टर संगणकात बघत होता. "काय होतंय?" त्याने संगणकाला विचारलं. अप्पांनी तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगितलं. झोप, थंडी, थकवा, कधीपासून, किती. अप्पांना एक वाक्य बोलायला पाव तास लागतो आणि डॉक्टर लोकांना वेळ नसतो, म्हणून मीच बोलते. डॉक्टरने खटाखट काहीतरी टाइप केलं, यंत्रातून तपासण्यांची हातभर यादी निघाली, आणि आम्ही बाहेर आलो.

"नको हा," अप्पा म्हणाले.

"का?"

"त्याने मान वर केली नाही."

ते खरंच होतं. मी वाद घातला नाही.

दुसरा डॉक्टर शेजारणीने सांगितला. हाताला गुण आहे म्हणाली. तिथे बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली आणि आत एका वेळी तिघांना घ्यायचे. एक जण तपासून घेतोय, दुसरा शर्टाची बटणं काढतोय, तिसरा स्टुलावर ताटकळतोय, असा कारखाना. डॉक्टर म्हातारे, पण चपळ. त्यांनी अप्पांची नाडी बघितली, जीभ बघितली, पापणी खाली ओढून बघितली. मी तोवर सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी तीन रंगांच्या गोळ्या कागदात बांधल्या, अप्पांच्या हातात दिल्या आणि मी पर्स उचलेपर्यंत "पुढे कोण?" असं ओरडलेसुद्धा.

"नको," अप्पा जिन्यातच म्हणाले.

"आता काय झालं? ह्यांनी तर मान वर केली होती!"

"माझ्याकडे केली. मग दाराकडे केली."

"मग आणखी कुठे करायला हवी होती? आढ्याकडे?"

अप्पा कठडा धरून एकेक पायरी उतरत राहिले. त्यांच्या गतीने उतरायचं म्हणजे माझ्या अंगावर मुंग्या येतात. मी खाली जाऊन उभी राहिले.

मधे एकदा त्यांनी मला जेवताना म्हटलं, "छोटी, तूही दाखवून घे एकदा." मी तिसरी पोळी वाढून घेत होते. मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" त्यांची तसं म्हणायची ही पहिली वेळ नव्हती. आजारी माणसांना सगळं जग आजारी दिसतं, असं मला वाटायचं.

तिसरा डॉक्टर माझ्या मालकाने सांगितला, आणि तो खरंच लाखात एक होता. तरुण, हसतमुख. दवाखाना स्वच्छ, भिंतीला फिका निळा रंग, वाट बघायला जेमतेम दहा मिनिटं. आत गेल्यावर त्याने अप्पांना "आजोबा, बसा" म्हटलं. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली तर अगदी नम्रपणे म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेर बसता का? मला आजोबांच्या तोंडून ऐकायचंय." मला जरा झोंबलं, पण म्हटलं, चला, इतक्या दिवसांत कोणीतरी शहाणा भेटला. पंचवीस मिनिटं तो अप्पांशी बोलत होता. मी बाहेर उभी राहून माशांच्या टाकीतले मासे मोजले. चौदा होते. मग पुन्हा मोजले.

अप्पा बाहेर आले. मी आनंदाने विचारलं, "मग? ठरला ना?"

"चांगला आहे," अप्पा म्हणाले. "पण नको."

मी रस्त्यावर काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं तेही लिहायची लाज वाटते. मी म्हणाले, तुम्हाला डॉक्टर नकोच आहे, तुम्हाला दादाकडे जायचंय, तर तसं सांगा, माझा जीव कशाला खाता? मी अर्ध्या रजा टाकून वणवण करतेय आणि तुम्ही नवऱ्या मुलीसारखे स्थळं नाकारताय! येणारेजाणारे थांबून बघायला लागले. अप्पा शांतपणे म्हणाले, "त्याने तुला बाहेर बसवलं."

"म्हणजे? मी नसले तर चालत नाही तुम्हाला? लहान आहात का?"

"तसं समज."

मी रागाने तरातरा पुढे निघून गेले. दोन चौक ओलांडल्यावर भानावर आले. मागे वळून बघितलं तर अप्पा दिसत नव्हते. धावत उलटी गेले तेव्हा ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते, मफलर सोडून पुन्हा बांधत. मी त्यांच्या शेजारी बसले. धाप लागली होती, घामाने पाठ भिजली होती. "चुकलं माझं," मी म्हणाले. त्यांनी आपला तळवा माझ्या पाठीवर ठेवला, दोन खांद्यांच्या मधोमध, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटलं, माफ केलं.

महिना संपायला चार दिवस उरले होते. दादाने तिकीट काढल्याचा मेसेज आला. मी आशा सोडली होती आणि अप्पांचे लोकरीचे कपडे कुठल्या पेटीत आहेत ते आठवत होते. तेव्हा अप्पाच म्हणाले, "आपल्या इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या वर एक डॉक्टरीणबाई बसतात. त्यांच्याकडे जाऊ."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. इस्त्रीला कपडे टाकायला जातो तेव्हा मी तिथल्या स्टुलावर बसतो. चार-पाच दिवस जिना बघितला. माणसं जोडीने वर जातात. एक आजारी, एक सोबत. आणि उतरताना बऱ्याचदा दोघांच्याही हातात चिठ्ठी असते."

"म्हणजे लुटारू असणार," मी म्हणाले.

"असू दे," अप्पा म्हणाले.

जिना अरुंद आणि उभा होता. मी भरभर चढले आणि वर पोचेपर्यंत माझा भाता झाला. असले जिने बांधणाऱ्याला आधी त्यावरून चढवायला हवं. अप्पा मागून सावकाश आले आणि त्यांना काही धापबीप लागली नव्हती. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, एक वजनकाटा, खालून येणारा गरम इस्त्रीचा वास. खिडकी बंद होती. मी उघडली. एका आजींनी पदर कानावरून घेतला आणि त्यांच्या सुनेने मला न विचारता ती पुन्हा लावली. फॉर्म इथेही होता. अप्पांचं नाव, वय, झोप नाही, थंडी. सोबत आलेली व्यक्ती : मुलगी.

डॉक्टरीणबाई साठीच्या आसपासच्या. जाड भिंगाचा चष्मा, आणि त्याची उजवी काडी इतकी ढिली की दर दोन वाक्यांनी चष्मा नाकावर घसरायचा आणि त्या बोटाने वर सारायच्या. मी अप्पांचं सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं नाही. अप्पांचं ब्लडप्रेशर घेत, छाती तपासत ऐकत राहिल्या. चष्मा घसरत होता. त्या सारत होत्या. पुन्हा घसरत होता. माझ्याने बघवेना.

"द्या इकडे तो," मी म्हणाले.

"काय?"

"चष्मा. स्क्रू ढिला झालाय. दोन मिनिटांचं काम आहे."

माझ्या पर्समध्ये बारीक स्क्रूड्रायव्हर कायम असतो. त्यांनी हसून चष्मा काढून दिला. मी जुना स्क्रू काढला, पाकिटातला नवा घेतला. तो निसटला. दुसरा घेतला, तोही निसटला. "हल्ली स्क्रूच असले येतात," मी म्हणाले आणि गुडघे टेकून त्यांच्या टेबलाखाली शोधायला लागले. छातीत हातोडे पडत होते.

"राहू दे. उठा, बसा," त्या म्हणाल्या. मग अप्पांकडे वळल्या. "काका, झोप लागत नाही, की लागलेली मोडते?"

"ह्या वयात दोन्ही एकच," मी म्हणाले.

"त्यांना सांगू दे."

अप्पांनी घसा साफ केला. "मोडते. घरात पावलं वाजतात."

"आणि थंडी कधी वाजते?"

"खिडक्या उघडल्या की."

"चालतं कोण? खिडक्या कोण उघडतं?"

अप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. डॉक्टरीणबाईंनीही बघितलं. चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आणि तुमचं काय?"

अप्पांनी सुस्कारा सोडला. मी तो ऐकला. कारखान्याचा भोंगा झाल्यावर माणसं सोडतात तसा.

"माझं काही नाही," मी म्हणाले. "मला काय धाड..."

"हात पुढे करा. दोन्ही. बोटं पसरा."

मी केले, वाद घालत बसण्यापेक्षा ते लवकर उरकलं असतं म्हणून. त्यांनी टेबलावरचा अप्पांचा फॉर्म उचलला आणि माझ्या हातांवर अलगद ठेवला. कागद फडफडायला लागला. बारीक, सारखा, थांबता थांबेना. खिडकी बंद होती, पंखा बंद होता. मी हात आवरायचा प्रयत्न केला तर तो जास्तच फडफडला. मी त्या कागदाकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच मला कळलं की स्क्रूंचा काही दोष नव्हता.

त्यांनी मनगट धरलं, घड्याळ बघितलं. "एकशे अठरा. जिना चढून अर्धा तास झालाय." गळ्यावर बोटं ठेवून पाण्याचा घोट गिळायला लावला. मग बोट वर-खाली नेत मला त्याच्याकडे बघायला सांगितलं. "हे डोळे आधीपासून असे आहेत?"

"मालक म्हणतो, मी वटारते."

"चष्म्याच्या दुकानात काम करता, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?"

दिवसभर मी लोकांचे डोळे बघते. माझे कोण बघतं?

"रक्त तपासू," त्या म्हणाल्या. "गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय असं मला वाटतं. धडधड, घाम, थरथर, वजन उतरणं, चिडचिड, सगळं त्यातून येऊ शकतं. रिपोर्ट आल्याशिवाय ठाम सांगणार नाही. पण याला औषध आहे. मात्र आणखी अंगावर काढलंत तर हृदयाला त्रास होईल."

मी अप्पांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाव माहीत नव्हतं. पण हात लावल्यावर कळतं ना."

"मग सांगायचं होतं!"

"तीनदा सांगितलं. तू तिन्ही वेळा धाड काढलीस." त्यांनी शाल सारखी केली. "मग मला तुझ्या आईची आठवण झाली. तिला तुमचा ताप पुरायचा. म्हटलं, आपल्याला आपली झोप पुरेल. फक्त विचारणारा मिळायला हवा होता."

म्हणजे तीन आठवडे, तीन दवाखाने, ते जिने, त्या रांगा, रस्त्यावरची माझी ती शोभा, हे सगळं ते माझ्यासाठी सोसत होते. मी त्यांना ओढत नेत होते असं मला वाटत होतं, आणि नेत ते होते. मला भयंकर राग आला आणि त्या रागातच मी रडायला लागले. राग मधेच कुठेतरी संपला, रडणं चालू राहिलं. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने माझ्यापायी असं थंडीत हिंडावं आणि मी त्याला रस्त्यात सोडून पुढे जावं, हे माझ्याच्याने सहन होत नव्हतं.

बाईंनी नवा फॉर्म काढला. मी पेन घेतलं, पण अप्पांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तुझं अक्षर लागणार नाही," म्हणाले. त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर कोरत माझं पूर्ण नाव लिहिलं. जे नाव घरात कोणी घेत नाही ते. खाली सोबत आलेल्या व्यक्तीच्या जागी स्वतःचं लिहिलं आणि नात्याच्या पुढे 'वडील'.

"औषध काही महिने रोज, वेळेवर. मधेमधे रक्त तपासावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी लक्ष ठेवायला कोण आहे?"

"मी आहे," अप्पा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. बाईंचं म्हणणं खरं निघालं. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू मात्र मालकाने बसवून दिला, मी नुसती शेजारी उभी राहिले.

महिनाअखेरीला दादा आला तो एक मोठी रिकामी बॅग घेऊनच. अप्पांचे कपडे त्यात मावतील की नाही हे तो दारातच बघत होता. मी खिडकीपाशी उभी होते. माझं ठरलेलं भाषण मी विसरले होते आणि छातीत पुन्हा सुरू झालं होतं.

"मग? मिळाला का डॉक्टर?" दादाने विचारलं.

"मिळाल्या," अप्पा म्हणाले. त्यांच्यासमोर टेबलावर गोळ्यांची डबी, हाताचं घड्याळ आणि बारीक अक्षरात आखलेला एक कागद होता.

"काय निघालं तुम्हाला?"

"मला काही नाही." त्यांनी डबीतली गोळी काढून माझ्यापुढे धरली, पाण्याचा ग्लास सरकवला आणि मी गिळेपर्यंत वाट बघून कागदावर खूण केली. "हे असं आहे बघ. रोजचं. मला यायला जमणार नाही, बाबा. छोटीच्या सोबत मी आहे."

दादा माझ्याकडे बघायला लागला. नीट, बराच वेळ. "तुला काय झालंय?" तो म्हणाला, आणि बॅग खाली ठेवली.

माझ्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. "सांगते," म्हटलं, "बस." अप्पांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. मला उकडत होतं, घाम फुटला होता. तरी मी वळले आणि खिडकी लावून घेतली.